समुद्राची साक्ष कोण देणार?

दरवर्षी ३१ जुलैला राज्यातली पावसाळी मासेमारीबंदी संपते आणि कोकणातल्या बंदरांवर एक जुना वाद नव्याने सुरू होतो. सरकारी कॅलेंडर म्हणते, १ ऑगस्टपासून होड्या पाण्यात लोटा. जुने तांडेल म्हणतात, दर्या अजून निवलेला नाही, मासळीच्या पोटात अजून गाबोळी आहे, नारळी पुनवेपर्यंत थांबा. मोठ्या नौकांचे मालक म्हणतात, दोन महिने खलाशी बसून आहेत, बँकेचा हप्ता पुनवेची वाट पाहत नाही. आठवडाभर बातम्या येतात, निवेदने दिली जातात. मग होड्या निघतात आणि पुढच्या जुलैपर्यंत सगळे शांत होते.

या वादातली एक गोष्ट फार कमी लोकांना आठवते. महाराष्ट्रात पूर्वी बंदीचा जो काळ ठरलेला होता, तो १० जूनपासून नारळी पौर्णिमा किंवा १५ ऑगस्ट, यातले जे आधी येईल तोवर असा होता. म्हणजे लोकांचा सण आणि त्यामागचे शहाणपण सरकारने कायद्याच्या भाषेत घेतले होते. पुढे केंद्राने संपूर्ण पश्चिम किनाऱ्यासाठी १ जून ते ३१ जुलै असा ६१ दिवसांचा एकच काळ ठरवला आणि पौर्णिमा नियमातून बाहेर पडली. एकच तारीख ठेवण्याचे कारण समजण्यासारखे आहे. एका राज्याची बंदी सुरू आणि शेजारच्या राज्याची संपलेली, असे झाले की बाहेरच्या नौका येऊन मासळी नेतात. पण पौर्णिमा वगळताना ती इतकी वर्षे तिथे का होती, हे कुणी मच्छिमारांना बसवून विचारले का? आणि उलट बाजूने, पौर्णिमेचा आग्रह धरणाऱ्यांनी तरी कधी गाबोळीची मोजदाद ठेवून सरकारपुढे टाकली का?

माझे म्हणणे याच दोन प्रश्नांभोवती आहे. मच्छिमाराकडे समुद्राची माहिती आहे, शास्त्रज्ञाकडेही आहे. दोघांची माहिती अर्धी आहे, आणि दोघांना एकमेकांच्या अर्ध्या माहितीची गरज आहे. आज मच्छिमाराला सरकारदरबारी जागा मिळते ती डिझेलच्या परताव्याचा लाभार्थी म्हणून, नाहीतर मोर्चातला माणूस म्हणून. समुद्राविषयी साक्ष देणारा जाणकार म्हणून त्याला जागा नाही. ती मिळायला हवी, आणि साक्ष म्हटली की उलटतपासणीही आली.

शब्दांत राहिलेला दर्या

कोकणचा समुद्र समजून घेण्याचे काम एकट्या कुणाचे नव्हते, हे आपल्या भाषेतच दिसते. नाखवा हा शब्द फारसी 'नाखुदा'वरून आला. खलाशी अरबीतून आला. बंदर आणि दर्या फारसीतून आले. मोसमी वाऱ्यातला 'मोसम' अरबी 'मौसिम' आहे, आणि इंग्रजांनी त्याच शब्दाचा मान्सून केला. शब्द नुसते प्रवास करत नाहीत. शब्द येतो तेव्हा त्याच्याबरोबर तो वापरणारा माणूस आणि त्या माणसाचे काम येते. अरबस्तानातून आलेले दर्यावर्दी, इथले कोळी, गाबीत, खारवी, भंडारी आणि दालदी यांनी एकाच पाण्यात पिढ्यानपिढ्या काम केले आणि एकमेकांचे शिकून घेतले.

दालदी म्हणजे रत्नागिरीकडचे मुसलमान मच्छिमार. १८८० च्या रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटियरमध्ये त्यांची नोंद आहे. मराठी मुसलमानांविषयी बोलताना आपण सूफी संत, शाहीर, विणकर, बागवान यांची आठवण काढतो. समुद्रावर जगणारा हा समाज मात्र आपल्याच लेखांमधून बहुतेक वेळा सुटतो.

या समाजाचे कालगणनेचे व्यवहार पाहिले, तर दोन ज्ञानांचा मेळ म्हणजे काय ते कळते. हिजरी वर्ष चांदाचे, साधारण ३५४ दिवसांचे. ते ऋतूंच्या तुलनेत दरवर्षी अकरा दिवसांनी मागे सरकते. रमजान कधी मे महिन्यात येतो, कधी डिसेंबरात. त्यामुळे पाऊस कधी, वारा कधी फिरणार, बांगडा कधी लागणार, हे हिजरी महिन्यावरून सांगता येत नाही. पण भरती-ओहोटी चांदावरच चालते. म्हणून कोकणातल्या मुसलमान मच्छिमाराने दोन्ही धरले. पाण्यासाठी चांद आणि हंगामासाठी नक्षत्रे. चांदाची चौदावी-पंधरावी आली की उधाण, सातवी-आठवीच्या सुमारास भांग, हे त्याला घड्याळाशिवाय कळते. मृग कधी निघतो, हस्त कधी संपतो, हेही त्याच्या तोंडावर असते. त्यात धर्म आडवा आला नाही. समुद्रावर चूक झाली तर माणूस परत येत नाही, म्हणून तिथे जे खरे ठरते तेच टिकते.

भरतीचा एक जुना हिशेब आमच्याकडे सर्रास वापरला जातो. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याला पाऊणपट करायचे, जे उत्तर येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास. अष्टमी असेल तर सहाच्या सुमारास. खगोलशास्त्र सांगते की भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे जाते, आणि हा हिशेब पंचेचाळीस मिनिटे धरतो. पाच मिनिटांचा फरक आहे. तोंडी करायच्या गणिताला तो चालतो, कारण दर पंधरा दिवसांनी तिथी पुन्हा एकपासून सुरू होते आणि चूक साचत नाही. हे सूत्र कुणी लिहिले ठाऊक नाही, पण ते निरीक्षणातून आले आणि वापरून पारखले गेले. शास्त्र यापेक्षा वेगळे काय करते?

पंधराव्या शतकातल्या इब्न माजिद या अरब नाविकाचे उदाहरण इथे द्यावेसे वाटते. तो जुल्फारचा, म्हणजे आजच्या रास अल-खैमाचा. नौकानयनावरचा त्याचा 'अल-फवाइद' हा ग्रंथ १४९० च्या सुमाराचा. हिंदी महासागरातले वारे, तारे, बंदरे यांची त्यात तपशीलवार माहिती आहे. वाऱ्यांच्या तारखा देताना तो हिजरी महिने वापरत नाही. नवरोजपासून किती दिवस झाले, असे सौर गणित वापरतो, कारण वारा सूर्याच्या मागे चालतो. आधीच्या नाविक-लेखकांचा तो आदर करतो, पण त्यांचे म्हणणे स्वतःच्या अनुभवावर घासून पाहतो. इलम आणि तजुर्बा यांची फारकत त्याने केली नाही. आपणही करायचे कारण नाही.

होडीवरचे आणि बाजारातले ज्ञान

'पारंपरिक ज्ञान' म्हटले की आपल्याकडे लगेच गूढ काहीतरी उभे राहते. प्रत्यक्षात ते फार रोखठोक असते. कुठे किती वाव पाणी आहे, तळाला गाळ आहे की वाळू की खडप, कोणत्या खडपावर जाळे फाटते, ओहोटीला पाण्याची ओढ कुठे वळते. मासेमारीची जागा सापडण्यासाठी किनाऱ्यावरच्या खुणांची रांग धरायची. एका बाजूला डोंगराची सोंड आणि मशिदीचा मिनार एका रेषेत, दुसऱ्या बाजूला किल्ल्याचा बुरूज आणि माडाचे बन. दोन रेषा जिथे छेदतात ती जागा. आज जीपीएस जे करते तेच हे होते, फक्त त्याची बॅटरी माणसाच्या डोक्यात होती.

थवा ओळखण्याचेही तसेच. पाण्यावर उठणारी बारीक थरथर, वर घिरट्या घालणारे पक्षी, रात्रीच्या अंधारात मासळीच्या हालचालीने चमकणारे पाणी, पाण्याचा बदललेला रंग. यातून अनुभवी माणूस बांगडा आहे की तारली, थवा कोणत्या दिशेने चाललाय, याचा अंदाज बांधतो. हंगामात जेलीफिश जास्त आले, नेहमीचा मासा न येता दुसराच जाळ्यात आला, हेही सगळ्यात आधी त्यालाच कळते.

आणि एक ज्ञान असे आहे, ज्याकडे पुरुष मच्छिमारांचेही लक्ष नसते. ते बाजारात मासळी विकणाऱ्या आणि कापून देणाऱ्या बायकांकडे आहे. कोणत्या महिन्यात कोणत्या माशाच्या पोटात गाबोळी असते, ती कोवळी की पिकलेली, गाबोळीवाला मासा पूर्वी केवढा असायचा आणि आता केवढा, हे त्यांच्या हाताखालून रोज जाते. मत्स्यशास्त्रज्ञ माशाचा प्रजननकाळ ठरवतात तो याच पद्धतीने. मासा चिरतात, अंडाशयाची अवस्था पाहतात, नोंद करतात. प्रयोगशाळेत महिन्याला काही डझन मासे तपासले जात असतील, तर एका मोठ्या बाजारात एका सकाळी शेकडो चिरले जातात. फरक एवढाच की प्रयोगशाळेत वही आहे आणि बाजारात नाही. पावसाळी बंदी कधी सुरू व्हावी आणि कधी संपावी, या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या कोयत्याखाली आहे. पण मच्छिमारांच्या एखाद्या बैठकीला या बायकांना बोलावलेले मी अजून पाहिले नाही.

शास्त्राला जे दिसते ते होडीवरून दिसत नाही

इथवर वाचून कुणाला वाटेल की मी विद्यापीठ बंद करून तांडेलाच्या हाती सगळे द्या म्हणतोय. तसे नाही. होडीवरून जे दिसते त्याला मर्यादा आहेत, आणि त्या मोठ्या आहेत.

पहिली मर्यादा जागेची. मच्छिमार आपल्या पट्ट्यातला समुद्र ओळखतो. बांगड्याला मात्र तालुक्याची हद्द ठाऊक नसते. रत्नागिरीत मासा कमी झाला, तर तो संपला की दुसरीकडे सरकला, हे रत्नागिरीतून कळणार नाही. त्यासाठी गुजरातपासून केरळपर्यंतच्या बंदरांवरची आकडेवारी एकत्र पाहावी लागते. १९४७ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था हे काम गेली अनेक दशके करते आहे. ठरावीक पद्धतीने बंदरे आणि दिवस निवडून, उतरलेल्या मासळीची नमुना मोजणी करून ती राज्यवार अंदाज काढते. हे काम कुठल्याही एका गावाच्या आवाक्यातले नाही.

दुसरी मर्यादा डोळ्याची. माशाच्या कानातल्या बारीक हाडावर झाडाच्या खोडासारखी वर्तुळे असतात, त्यावरून वय काढता येते. मासा कोणत्या लांबीला पहिल्यांदा अंडी घालतो, हे शेकडो नमुने मोजून सांगता येते. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहातून समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्यातले हरितद्रव्य पाहून मासळी कुठे असण्याची शक्यता आहे ते मच्छिमारांना कळवते. हा सल्ला घेऊन अनेकांचे डिझेल वाचते. उपग्रहाला ढगाखालचे दिसत नाही, हेही खरे. तिथे पुन्हा पक्ष्यांवर नजर ठेवणारा माणूस लागतो.

तिसरी मर्यादा आठवणीची, आणि ती सगळ्यात धोक्याची. डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये ती दाखवून दिली. प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी जेवढी मासळी पाहते, तेवढीच 'नेहमीची' समजते. आजोबांना जो ऱ्हास वाटला असता, तो नातवाला सुरुवातच वाटतो. मेक्सिकोच्या कॅलिफोर्नियाच्या आखातात तीन पिढ्यांच्या मच्छिमारांना विचारून २००५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वृद्धांनी तरुणांच्या पाचपट जातींची नावे घेतली, ज्या पूर्वी मुबलक होत्या आणि आता उरल्या नाहीत. तरुणांना त्यांची उणीवच जाणवत नव्हती, कारण त्यांनी त्या भरपूर कधी पाहिल्याच नव्हत्या. आपल्या बंदरावरही पंचविशीतल्या मुलाला आणि सत्तरीतल्या म्हाताऱ्याला वेगवेगळे बसवून विचारा, हाच फरक ऐकायला मिळेल. म्हणून 'मच्छिमार म्हणतात' एवढे पुरेसे नाही. कोणता मच्छिमार, किती वर्षांचा, कोणत्या जाळ्याचा, हे विचारावे लागते.

आणि हितसंबंध आहेतच. ज्याने कर्ज काढून मोठी नौका घेतली, त्याला मासळी कमी झाली हे कबूल करणे परवडत नाही. ज्याची होडी लहान आहे, त्याला सगळा दोष मोठ्या नौकेला देणे सोपे जाते. दोघांच्याही साक्षीत काहीतरी खरे असते आणि काहीतरी सोयीचे. ते वेगळे करायला मोजमाप लागते.

न ऐकल्याची किंमत

शास्त्राने न ऐकल्यामुळे काय होते, याचे जगातले सगळ्यात गाजलेले उदाहरण कॅनडातल्या न्यूफाउंडलंडचे. तिथल्या कॉड माशावर शतकानुशतके वस्त्या उभ्या होत्या. १९८० च्या दशकात किनाऱ्याजवळ लहान होड्यांनी मासेमारी करणारे सांगू लागले की मासा कमी येतोय आणि बारीक येतोय. सरकारी अंदाज मात्र चांगले होते. त्या अंदाजांमध्ये खोल समुद्रातल्या मोठ्या ट्रॉलरच्या पकडीला बरेच वजन होते, आणि ट्रॉलरची पकड चांगलीच होती. कारण उरलेला मासा थोड्या जागेत गोळा झाला होता आणि ट्रॉलरकडे तो शोधून काढणारी यंत्रे होती. ताटातले संपत आले तरी चमच्यात घास भरून येत होता, आणि सरकार चमचा पाहून ताटाचा अंदाज करत होते. किनाऱ्यावरच्या मच्छिमारांनी स्वतंत्र अभ्यास करवून घेतला, कोर्टात गेले. जुलै १९९२ मध्ये सरकारला कॉडची मासेमारी बंद करावी लागली. दोन वर्षांसाठी म्हणून लावलेली ती बंदी २०२४ पर्यंत चालली. सुमारे तीस हजार लोकांचे काम गेले.

याच्या उलट दिशेचे उदाहरण अलास्कातले आहे. १९७७ मध्ये शास्त्रज्ञांनी बोहेड व्हेलची संख्या फार तर दोन हजार धरली आणि आंतरराष्ट्रीय आयोगाने इनुपियात लोकांची शिकार थांबवली. बर्फातल्या मोकळ्या पाण्यातून जाणारे व्हेल मोजून हा आकडा काढला होता. शिकारी म्हणाले, व्हेल बर्फाखालूनही जातात, तुम्हाला दिसत नाहीत. त्यांचे म्हणणे मोडीतही काढले नाही आणि तसेच मानलेही नाही. पाण्याखाली ध्वनिग्राहक सोडले गेले, व्हेलचे आवाज मोजले गेले. शिकाऱ्यांचे खरे निघाले. संख्या कित्येक पटींनी जास्त होती.

पहिल्या उदाहरणात लोक 'कमी आहे' म्हणत होते, दुसऱ्यात 'जास्त आहे'. म्हणजे मच्छिमार नेहमी जास्त पकडायलाच मागतो, हे खरे नाही. आणि दोन्हीकडे गाठ सुटली किंवा तुटली ती एकाच जागी. लोकांच्या बोलण्याला तपासण्याजोगे विधान मानले की नाही, एवढाच प्रश्न होता.

आपल्या किनाऱ्यावर काय चालले आहे

महाराष्ट्रात सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. पर्ससीन जाळ्यांवरून लहान मच्छिमार आणि मोठ्या नौका यांच्यात संघर्ष वाढला तेव्हा राज्याने डॉ. सोमवंशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या अहवालाच्या आधारे ५ फेब्रुवारी २०१६ रोजी आदेश निघाला. पर्ससीन मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच आणि परवाने टप्प्याटप्प्याने कमी करायचे. २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या झोतात मासेमारी करण्यावर बंदी घातली. २०२३ मध्ये राज्याने पापलेटला राज्य मासा जाहीर केले. सातपाटीच्या मच्छिमारांकडून त्याची मागणी होत होती. त्याच वर्षी ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवली गेली, त्यापेक्षा लहान मासा पकडायचा नाही.

कागदावर हे सगळे चांगले आहे. पण बंदरावर विचारले तर उत्तरे वेगळी येतात. जाळ्यात चार-पाच जाती एकत्र येतात, त्यातल्या एकीची लांबी बसते आणि दुसरीची बसत नाही, मग काय करायचे? मेलेला मासा परत टाकून काय फायदा? हे प्रश्न पळवाटा म्हणून झटकले जातात. ते पळवाटाही असू शकतात. पण त्यात एक खरी तांत्रिक अडचणही आहे. मासा मोजायचा तो जाळ्यात येण्याआधी, म्हणजे जाळ्याच्या आसाचा आकार आणि जाळे टाकण्याची जागा व वेळ यांवर नियम हवेत. कोणत्या खाडीच्या तोंडाशी कोणत्या महिन्यात पिल्ले असतात, हे तिथला मच्छिमार बोट ठेवून सांगू शकतो. ती जागा तेवढा काळ सोडली, तर लांबी मोजायची वेळच कमी येईल.

रत्नागिरीत या संघर्षाला आणखी एक बाजू आहे, आणि ती आपल्याला टोचणारी आहे. पर्ससीन नौकांच्या मालकांमध्ये मुसलमान आहेत, लहान होडीवर जगणाऱ्यांमध्येही मुसलमान आहेत. दोन्हीकडे हिंदू मच्छिमारही आहेत. भांडण जाळ्याचे आणि भांडवलाचे आहे. त्याला अधूनमधून धर्माचा रंग देण्याचा प्रयत्न होतो, तेव्हा आपल्यातले काही जण समाज म्हणून मोठ्या मालकाच्या मागे उभे राहतात. त्यात ज्याची होडी लहान आहे तो आपलाच माणूस विसरला जातो. समुद्रातली मासळी संपली तर मालक धंदा बदलेल. होडीवाल्याचा मुलगा मुंबईत किंवा आखातात नोकरी शोधेल, आणि त्याच्याबरोबर चार पिढ्यांची माहिती किनारा सोडून जाईल.

ती जाऊ लागलीच आहे. जीपीएस आणि मासे शोधणारी यंत्रे आल्यापासून तरुणांना किनाऱ्यावरच्या खुणा शिकायची गरज उरलेली नाही. यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही, वादळात त्याने जीव वाचवले आहेत. पण यंत्र आजची जागा दाखवते. चाळीस वर्षांपूर्वी तिथे काय मिळत होते, हे फक्त म्हाताऱ्यांच्या आठवणीत आहे, आणि दर पावसाळ्यात त्यांची संख्या कमी होते आहे.

करायचे काय?

पुन्हा पौर्णिमेच्या प्रश्नाकडे येतो, कारण मेळ घालायचा म्हणजे नेमके काय, हे तिथे स्पष्ट दिसते. नारळी पौर्णिमा २०२३ मध्ये ३० ऑगस्टला होती, २०२४ मध्ये १९ ऑगस्टला, २०२५ मध्ये ८ ऑगस्टला. अधिक महिन्यामुळे ती अशी मागेपुढे होते. माशाची अंडी पंचांग पाहून पिकत नाहीत. म्हणून पौर्णिमा हीच शास्त्रीय तारीख आहे, असे कुणी म्हणत असेल तर ते टिकणार नाही. जुन्या नियमातही तिला १५ ऑगस्टची मर्यादा होतीच. पण पौर्णिमेमागचा दावा तपासण्याजोगा आहे. तो असा की जुलैअखेर समुद्र आणि मासळी दोन्ही तयार नसतात, आणखी थोडे थांबावे.

मग तपासूया. सातपाटीपासून मालवणपर्यंत सात-आठ बाजार निवडावेत. मासळी कापणाऱ्या बायकांना मेहनताना देऊन जुलै ते सप्टेंबर ठरावीक दिवशी नोंद ठेवायला सांगावे. कोणता मासा, किती लांब, गाबोळी कशी. बंदीतही बिगरयांत्रिक होड्यांची मासळी बाजारात येतेच, त्यामुळे जुलैची नोंदही मिळेल. रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, तिथल्या विद्यार्थ्यांनी दर आठवड्याला त्यातले काही नमुने स्वतः तपासून नोंदी बरोबर आहेत का ते पाहावे. चार हंगाम हे केले, तर कोणत्या जातीसाठी बंदी किती लांबवावी, याचे उत्तर हाती येईल. ते १५ ऑगस्ट येईल, किंवा ३१ जुलै पुरेसा आहे असे येईल, किंवा बंदी मे महिन्यातच सुरू करा असेही येईल. जे येईल ते दोन्ही बाजूंनी मान्य करायचे, कारण मोजणीत दोघेही होते.

हे अशक्य नाही. लक्षद्वीपमध्ये, जिथली जवळजवळ सगळी वस्ती मुसलमान आहे आणि ट्यूना अजूनही गळाने पकडला जातो, तिथे दक्षिण फाउंडेशनच्या मदतीने मच्छिमार स्वतः आपल्या पकडीच्या नोंदी वहीत ठेवतात. स्वतःच्या हाताने लिहिलेल्या आकड्यावर माणसाचा विश्वास बसतो, आणि त्यातून निघालेला नियम त्याला परका वाटत नाही.

मात्र काही अटी पाळाव्या लागतील. मासळीची जागा हे मच्छिमाराचे धन आहे. त्याने सांगितलेली खडपाची जागा नकाशावर छापली गेली आणि पुढच्या आठवड्यात तिथे मोठ्या नौका आल्या, तर तो पुन्हा तोंड उघडणार नाही, आणि ते योग्यच असेल. म्हणून कोणती माहिती जाहीर करायची आणि कोणती गावाकडेच ठेवायची, हे आधी लेखी ठरावे. अभ्यास संपल्यावर निष्कर्ष मराठीत, बंदरावर, माणसांसमोर सांगितले जावेत. माहिती देणाऱ्याला त्याच्या वेळेचे पैसे मिळावेत. आणि जिथे नियम ठरतात त्या समितीत लहान होडीचा मच्छिमार आणि मासळी विकणारी बाई यांना मत देण्याचा अधिकार असलेली जागा हवी. चहापुरते आमंत्रण नको.

शेवटचे, आपल्या घरातले. मिरकरवाड्यापासून शिरगावचे महाविद्यालय काही किलोमीटरवर आहे. आपल्या वस्त्यांमधली मुले-मुली शिकताहेत, पण मत्स्यशास्त्राकडे वळणारी किती? ज्या मुलीची आई बाजारात बसते आणि जी स्वतः प्रयोगशाळेत शिकते, तिला दोन्ही भाषा येतील. तिला दुभाष्या लागणार नाही. मशिदीच्या कमिट्या, शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्था, आखातात कमावणारे कोकणी यांनी दरवर्षी अशा दोन-तीन मुलामुलींचा खर्च उचलला, तरी दहा वर्षांत चित्र बदलेल.

तोवर एक काम कुणालाही करता येईल. आपल्या ओळखीच्या एखाद्या वृद्ध तांडेलाजवळ किंवा मासळी विकणाऱ्या मावशीजवळ बसा. मोबाइलवर त्यांचे बोलणे त्यांच्या परवानगीने रेकॉर्ड करा. कोणता मासा पूर्वी यायचा, कोणत्या महिन्यात, केवढा, आणि शेवटचा कधी पाहिला, एवढे चार प्रश्न विचारा. तारीख आणि गाव लिहून ठेवा. उद्या एखादी मोजणी उभी राहिली, तर ही पहिली वही असेल.